साडीचं शूट: क्लायंटचं काम आणि आपली फ्रेम, दोन्ही कसं साधायचं

एखाद्या छोट्या साडी ब्रँडचं शूट मिळालं की आधी विचारा हे फोटो जाणार कुठे, वेबसाइटवर, इन्स्टावर की होर्डिंगवर, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. वेबसाइटसाठी रंग खरा लागतो नाहीतर गिऱ्हाईक साडी परत पाठवतं, म्हणून पहिला फोटो ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला लागणारं राखाडी कार्ड) धरून घ्या आणि लाइट बदलला की परत घ्या. पैठणी असेल तर समोरून फ्लॅश मारू नका हो, जरीचा नुसता पांढरा पट्टा होतो, लाइट बाजूने तिरका टाका म्हणजे पदरावरचे मोर उठून दिसतात, आणि धूपछाव रंग असेल तर मॉडेलला थोडं वळवून दोन्ही रंग पकडा. पूर्ण साडी, पदर, काठ, ब्लाउजची पाठ हे सगळं सकाळीच उरका, क्लायंटचा जीव भांड्यात पडतो.

मग आपली फ्रेम, म्हणजे आपल्या मनासारखा फोटो. इथे बरेच जण "आता आर्ट" म्हणून धूर सोडतात, सगळं ब्लर करतात आणि साडीच गायब, मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकन फॅशन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनने १९५५ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत डोविमा या मॉडेलला डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीचा गाऊन घालून हत्तींमध्ये उभं केलं, आज तो फोटो म्युझियममध्ये आहे पण काढला होता हार्पर्स बझार मासिकासाठी, म्हणजे धंद्याचंच काम. नीट बघा, शेजारी हत्तींची सुरकुतलेली कातडी आहे म्हणून तो गाऊन इतका मऊ दिसतो!! कल्पना भन्नाट आहेच पण ती कपड्यासाठी राबतेय. तर स्वतःला एवढंच विचारा, या कापडाचा गुण कशाशेजारी ठेवला तर दिसेल? रेशमाला काळा खडबडीत दगड, मलमलला वारा, इरकलला भर दुपारचं ऊन, असं काहीतरी. रेफरन्स, म्हणजे तुमच्या डोक्यातल्या फ्रेमसारखे नमुन्याचे फोटो, क्लायंटला आदल्या दिवशीच दाखवा.

आणि कागद करा, प्लीज. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तोच, आपण नाही. म्हणून कोटेशनमध्येच लिहा की कॉपीराइट माझा, वापरायचा परवाना तुमचा, कुठे आणि किती वर्षं तेही, शिवाय ती फ्रेम मी पोर्टफोलिओत आणि प्रदर्शनात लावणार. मॉडेलचीही तशी लेखी परवानगी घ्या, आणि सह्या झाल्यावरच शूटची तारीख द्या.