सांकेतिक भाषेच्या वर्गात मागचे विद्यार्थी स्वरांत गोंधळतात? माझा अनुभव

सदाशिव पेठेतला हॉल, १६ जणांची नवी बॅच. भारतीय सांकेतिक भाषेतली इंग्रजी मुळाक्षरं शिकवताना मागच्या दोन रांगा 'ई' आणि 'आय' सतत अदलाबदल करायच्या. दोन्हींत उजव्या तर्जनीनं डाव्या हाताच्या बोटाचं टोक टेकायचं: 'ई'ला तर्जनीचं, 'आय'ला मधल्या बोटाचं. फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा.

सावकाश करून पाहिलं, तक्ता लावला, पुढच्या-मागच्यांची अदलाबदल केली. तीन रविवार फुकट!

दोष खिडकीचा होता. शिकवणाऱ्याच्या पाठीमागे सकाळचं ऊन, त्यामुळे हात नुसते काळे दिसत.

आधी खिडकी विद्यार्थ्यांच्या पाठीशी येईल अशी वर्गाची दिशा फिरवली. मग बाकं काढून खुर्च्यांचा एकेरी अर्धगोल केला, म्हणजे कर्णबधिर विद्यार्थ्यांना एकमेकांचे हातही दिसतात. कमी दिसणाऱ्या विद्यार्थिनीला समोर दीड मीटरवर बसवलं. शिकवणाऱ्याच्या अंगात गडद, बिननक्षीचा कुर्ता. चौकड्यांवर बोटं हरवतात. लक्ष वेधायला टाळी नाही, दिव्याचं बटण दोनदा (शेजारचं पंख्याचं दाबलं जातं, चिकटपट्टी लावा).

सगळ्यात महत्त्वाचं: फळ्यावर लिहिताना खूण करायची नाही. लिहा, वळा, सगळ्यांचे डोळे परत येईपर्यंत थांबा, मगच हात उचला. डोळे एका वेळी एकाच जागी असतात.

डावखुऱ्यांना हात बदलायला लावू नका; त्यांची खूण आरशासारखी उलटी दिसते, पण ती बरोबरच असते. हे बाकीच्यांना पहिल्याच तासाला सांगून टाका.