घर बघून गेलेली पार्टी गप्प का होते? फीडबॅक घेताना एजंट लोकांनी या चुका टाळा

संभाजीनगरला मी घरं दाखवायचं काम करतो, सातारा परिसर, देवळाई, बीड बायपास, गारखेडा हा माझा पट्टा. आतापर्यंत माझे जे सौदे हातचे गेले त्यातले बरेचसे भावामुळं नाही गेले, पार्टीच्या मनात काय अडलंय हे मला वेळेवर कळलंच नाही म्हणून गेले. पार्टी येते, घर फिरून बघते, मालकाच्या घरचा चहा पिते, "छान आहे, घरी विचारून सांगतो" म्हणते आणि मग फोनच उचलत नाही. आपण म्हणतो टाइमपास पार्टी होती. तसं नसतं हो. पेट्रोल जाळून, रविवार घालवून, लेकरंबाळं घेऊन जो माणूस घर बघायला येतो त्याच्याकडं सांगण्यासारखं काहीतरी असतंच, आपण ते नीट विचारत नाही.

सातारा परिसरातलं एक टू बीएचके रो हाऊस होतं, मालक रिटायर्ड गुरुजी, पुण्याला मुलाकडं राहायला गेलेले, किल्ली माझ्याकडं. अकरा पार्ट्या बघून गेल्या, अकराच्या अकरा जणांनी "छान आहे" सांगितलं. नंतर फोन केले तर दोघं-तिघं म्हणाले भाव जरा जास्त वाटला, मी लगेच गुरुजींना सांगून भाव ३ लाखांनी उतरवला, तरी काही हललं नाही. बाराव्या पार्टीबरोबर गंगापूर तालुक्यातून त्यांची आजी आलेली. तिनं ना हॉल बघितला ना टाइल्स बघितल्या, सरळ किचनमध्ये गेली आणि नळ फिरवला. नळातून नुसती हवा फुसफुसली, दोन थेंब पडले. मग ती बाहेर येऊन हौदाजवळ बसली, मला झाकण सरकवायला लावलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्या हौदात किती दिसाचं पाणी मावतंय रे बाबा?" हौदाच्या तळाला वाळलेल्या गाळाच्या पापड्या झालेल्या, झाकणाचा एक कोपरा तुटलेला, आत पाखरांची पिसं पडलेली. बोअरची मोटार कधीच जळालेली होती आणि हे ना गुरुजींना माहीत ना मला.

त्या दिवशी रात्री मी आधीच्या अकरा जणांना परत फोन लावले आणि या वेळी सरळ विचारलं, पाण्याचं काही खटकलं होतं का? चौघं लगेच म्हणाले हो, नळाला पाणीच नव्हतं, आम्हाला वाटलं या गल्लीतच पाण्याची बोंब असणार. आता बघा, ज्या शहराला जायकवाडीवरून पाणी येतं पण कित्येक भागात नळ आठवड्या-आठवड्याच्या गॅपनं सुटलेला आहे, तिथला, आयुष्यभर टँकर बघितलेला माणूस फुसफुसणारा नळ बघितला की पुढचं काहीच बघत नाही, पण तोंडावर बोलतही नाही. आम्ही मोटार वर काढून तिचं वाइंडिंग भरून आणलं, हौद धुतला, नवं झाकण टाकलं, आणि तिसऱ्या व्हिजिटला घर गेलं. गुरुजींचे ३ लाख मात्र माझ्या घाईमुळं गेले, ते मला अजून लागून राहिलंय.

"कसं वाटलं घर?" असं विचारू नका

या प्रश्नाला आपल्याकडं एकच उत्तर आहे, छान आहे. दुसऱ्याच्या घराला नाव ठेवणं आपल्या माणसाला जमत नाही, त्यात तिथं बसून चहा घेतलेला असला तर अजिबातच नाही. म्हणून प्रश्नच असा पाहिजे की त्याला उत्तर देताना घराचा अपमान केल्यासारखं वाटू नये. मी विचारतो, "तुमचं सामान या घरात लावून बघितलं तर कुठं अडचण होईल?" किंवा "आज इथं राहायला आलात तर आधी काय बदलाल?" माणूस मग आपोआप बोलायला लागतो की देवघर कुठं ठेवायचं कळंना, फ्रिज बसणार नाही, आईला वरच्या मजल्याचा जिना जमणार नाही. हे खरं मत. आणि प्रश्न दोन, फार तर तीन. काही पोरं आता पंधरा प्रश्नांचा गुगल फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवतात, तो कोणी भरत नाही, उलट त्या दिवसापासून तुमचा मेसेज बघणंच बंद होतं. त्यापेक्षा "एक व्हॉइस नोट टाका ना भाऊ" म्हटलं की लोक दोन मिनिटं मोकळं बोलतात.

कुठं विचारता, कधी विचारता

मालकासमोर तर विचारूच नका. गेटच्या बाहेर, चपला घालताना, गाडीला किल्ली लावायच्या आधी जी दोन-तीन मिनिटं असतात ना, तिथं खरं बोलणं होतं. नवरा-बायको एकमेकांकडं बघतात, ती हळूच काहीतरी म्हणते, त्या वेळी आपण फोनमध्ये डोकं घालून पुढच्या पार्टीला लोकेशन पाठवत असतो, मोठी चूक आहे ही.

मग फोन त्याच दिवशी संध्याकाळी. चार दिवसांनी केला तर तोपर्यंत माणसानं अजून पाच घरं बघितलेली असतात आणि कुठल्या घराचं बाथरूम लहान होतं हे त्यालाच आठवत नाही, मग तो सगळी सरमिसळ करून सांगतो. आणि वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपनीत असलेल्या माणसाला शिफ्ट विचारून ठेवा. थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाला सकाळी अकराला झोपेतून उठवून "काय ठरलं" विचारलं तर तो काय सांगणार.

अजून एक, पितृपक्षातल्या गप्प बसण्याला नकार समजू नका. त्या पंधरवड्यात लोक बघतात पण बोलत नाहीत, घटस्थापनेनंतर परत विचारायचं. माझ्या वहीत अशा तारखांवर खूण असते.

जो बोलतो तो ठरवत नाही

व्हिजिटला आलेला मुलगा इंजिनिअर असतो, इंग्लिशमध्ये बोलतो, पण पैसा गावाकडचा असतो, जमिनीचा तुकडा विकून नाहीतर कापसा-सोयाबीनचे पैसे धरून, आणि ठरवणारे असतात त्याचे वडील नाहीतर मोठा भाऊ, ते अजून आलेलेच नसतात. घरात बायको किंवा आई चोवीस तास राहणार असते पण आपण फोन मुलालाच करतो. मी आता पहिल्याच भेटीत विचारतो, "घर फायनल करताना अजून कोणाला दाखवावं लागेल?" आणि फीडबॅकच्या फोनवर आवर्जून म्हणतो, "वहिनींना किचन कसं वाटलं? फोन स्पीकरवर टाका ना." वहिनी जे सांगतात ते लिहून घ्या, कारण ओटा कुठल्या उंचीचा आहे, धुणं वाळत कुठं घालायचं, दुपारी भाजीवाल्याची गाडी गल्लीत येते का, हे पुरुषमाणसाच्या तोंडून येतच नाही.

पहिलं कारण खरं धरू नका

"भाव जास्त आहे" हे सगळ्यात सोयीचं उत्तर आहे, कोणाचंच मन दुखावत नाही. ते ऐकलं की मी शांतपणे विचारतो, "समजा मालकानं तुमच्या भावात दिलं, तर या आठवड्यात इसार कराल का?" लगेच हो म्हणाला तर अडचण खरंच भावाची. "तसं नाही हो, पण..." असं म्हणाला तर त्या "पण" नंतर जे येतं ते ऐका. तिथं तोंड उघडू नका, घराची बाजू घेऊ नका. आपण बाजू घ्यायला लागलो की पार्टी समजते हा विकायला बसलाय, ऐकायला नाही.

काही तक्रारी वेगळ्याच कपड्यात येतात, त्या ओळखायला शिका. "खोल्या लहान वाटल्या" असं तीन जणांनी सांगितलं तर खोल्या मोजायच्या आधी तुमची जाहिरात उघडून बघा. तुम्ही सुपर बिल्टअप (भिंती, जिना, लॉबी असं सगळं धरून) लिहिलंय आणि माणूस तो आकडा डोक्यात घेऊन आलाय, मग त्याला खोल्या लहान वाटणारच. रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्यात हिशोब कार्पेट एरियाचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा आहे, जाहिरातीतही कार्पेटच टाका, व्हिजिट कमी होतील पण येणारे निराश होणार नाहीत.

"घर तापतं" असं आलं तर किती वाजता दाखवलं होतं ते बघा. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असताना वरच्या मजल्याचं, पश्चिमेची भिंत असलेलं घर दुपारी चारला दाखवलं तर अजून काय सांगणार लोक? पण म्हणून ते फक्त सकाळीच दाखवून लपवायचंही नाही. मी दोन वेळा दाखवतो, आणि स्लॅबवर वॉटरप्रूफिंगबरोबर पांढरा कोट मारायला किती येतो ते मालकाकडून आधीच काढून ठेवतो.

"वकिलाला विचारतो" याचा अर्थ बहुतेक वेळा कागदावर शंका आहे. आमच्याकडं गुंठेवारी (मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट) हा शब्द ऐकला की माणूस थबकतो, कारण गुंठेवारी नियमित झालेली नसेल तर बऱ्याच बँका लोन देत नाहीत. २००१ चा गुंठेवारीचा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली गेली, हे पार्टीला समजावून सांगा आणि नियमितीकरणाचा कागद असेल तर त्याची झेरॉक्स व्हिजिटलाच हातात द्या. सिडको या सरकारी महामंडळाच्या घराला लीजचा (भाडेपट्ट्याचा) प्रश्न येतो, एनए (बिगरशेती) प्लॉटला सातबाऱ्याचा. लोक विचारायला लाजतात आणि गप्प होतात.

लातूरला माझा एक दोस्त हेच काम करतो. तो सांगतो, चाळिशी-पन्नाशीच्या पुढची माणसं घर बघताना भिंतीवर हात फिरवतात, कॉलम कुठं आहेत विचारतात आणि "बघू" म्हणून निघून जातात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट त्यांनी बघितलेली किंवा घरात ऐकलेली असते. तो आता स्ट्रक्चरचं ड्रॉइंग आणि बांधकाम परवाना सोबतच ठेवतो, त्यांनी विचारायची वाट बघत नाही.

शेजारी कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, असंही काही जण फीडबॅकमध्ये विचारतात. ते मी लिहीत नाही आणि मालकापर्यंत नेतही नाही.

वही ठेवा

डोक्यात ठेवतो म्हणणाऱ्याच्या डोक्यात फक्त शेवटची पार्टी राहते. एका घराला एक पान, त्यावर तारीख, वेळ, कोण कोण आलं होतं, आणि त्यांचेच शब्द. "नकार, किचन" असं नको, "ओट्यावर उजेड नाही म्हणाल्या" असं लिहा. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन जणांनी तीच गोष्ट सांगितली की ती घराची गोष्ट, एकानंच सांगितली तर ती बहुधा त्याची गरज. पण हा नियम आंधळेपणानं धरू नका, माझ्या त्या रो हाऊसमध्ये पाण्याचं एकट्या आजीनंच आपणहून दाखवलं होतं.

मालकाला सांगताना

इथं दोन्हीकडून चुका होतात. काही एजंट सगळं गोड करून सांगतात, मालकाला वाटतं उद्या घर जाणार आणि तो भाव वाढवतो. काही जण फीडबॅकची काठी करून भाव पाडायला वापरतात, ते तर अगदी चूक, मालकाला एकदा कळलं की तो तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. ज्या माणसानं कर्ज काढून, स्वतः उभं राहून पाणी मारून घर बांधलंय त्याला "तुमचं घर अंधारं आहे" असं म्हणू नका. "काका, ७ पार्ट्या आल्या, ४ जण हॉलच्या उजेडावर अडले, खिडकीसमोरचं पत्र्याचं शेड काढून बघू का" असं म्हणा, ते ऐकतात. दर रविवारी रात्री पाठवा, व्हिजिट झाली नसेल तर तेही पाठवा. आणि पार्टीचं नाव, तिचं बजेट, ती किती घाईत आहे, हे मालकाला सांगायचं नाही, तो विश्वासानं दिलेला शब्द आहे.

पार्टी दुसऱ्या एजंटनं आणलेली असेल तर आपल्याला "आवडलं नाही" एवढंच मिळतं. अमेरिकेत विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा एजंट बहुतेक वेगळा असतो, शोइंगटाइमसारख्या ॲपवरून व्हिजिट झाल्या झाल्या त्या एजंटकडं प्रश्न जातात, पण घेणाऱ्याचा एजंट आपल्या पार्टीची गुपितं सांभाळूनच उत्तर देतो. आपल्याकडं असं ॲप नाही, ओळख आहे. दुसऱ्या एजंटच्या घरांवर माझी पार्टी नेली की मी न विचारता त्याला खरं मत कळवतो, मग तोही मला कळवतो.

फोन उचलतच नाहीत, मग काय?

दिवसातून चार कॉल मारू नका. लोक नकार द्यायला घाबरतात म्हणून उचलत नाहीत, त्यांना वाटतं हा आता मागे लागणार. मी एकच मेसेज टाकतो, "भाऊ, घर नको असेल तर नुसतं 'नको' लिहा, काही वाईट वाटणार नाही. एका शब्दात कारण दिलंत तर पुढची घरं तुमच्या मनासारखी दाखवता येतील." या मेसेजला जेवढी उत्तरं येतात तेवढी कॉलला कधी आली नाहीत. आणि घर दुसऱ्याला विकलं गेलं की बघून गेलेल्या सगळ्यांना कळवतो, कारण तेव्हा सौद्याचं ओझं उतरलेलं असतं आणि माणूस मोकळं बोलतो.

त्या आजीच्या घरच्यांनी ते रो हाऊस घेतलं नाही. मी कारण विचारलं तर नातू म्हणाला, हौद लहान आहे, आजी नको म्हणते. तेवढंच धरून मी शोधत राहिलो आणि चार महिन्यांनी देवळाईत दाखवलेल्या दुसऱ्याच घराचा इसार झाला. त्या घराचा हौद दाराच्या अगदी समोर आहे, आणि इसाराच्या दिवशी आजीनं आधी त्याचं झाकण उघडून बघितलं, मग पेढे वाटले.