हृदयरुग्णाला फोनवरून चालतं करताना

फोन लावण्याआधी डिस्चार्ज कार्ड समोर असू द्या. अँजिओप्लास्टी झाली की बायपास, गोळ्या कोणत्या, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली का, हे कळल्याशिवाय चालण्याची मिनिटं वाढवायला सांगू नका. नंबर बहुधा मुलाचा असतो. बोलणं मात्र रुग्णाशीच व्हायला हवं.

“चालता का?” असं विचारलं, की सांगली-साताऱ्याकडं ठरलेलं उत्तर येतं, “चालतोय की, रोज रानात जातोय.” मोटारसायकलवरून जाऊन बांधावर बसणंही त्यातच मोजलेलं असतं. म्हणून फक्त कालचं विचारा: “आबा, काल सलग किती मिनिटं चाललात? कुठपर्यंत? दम कुठं लागला?” येईल तो आकडा वहीत लिहा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

दहा मिनिटं जमत असतील, तर पुढच्या आठवड्यात बारा ते पंधरा. हळूहळू रोज तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, इथवर न्यायचं. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढाच वेग. मेटोप्रोलोलसारखी हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळं नाडी मोजून वेग ठरवायला गेलं की फसगत होते. पहिली आणि शेवटची पाच मिनिटं संथ. जेवणानंतर तासभर थांबायचं. सांगलीत रस्ता सपाट, पण एप्रिलमध्ये आठच्या आत घरी परतलेलं बरं. साताऱ्यात सुरुवातीला अजिंक्यताऱ्याचा चढ नको.

बायपासनंतर छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर भरलेली घागर, खताचं पोतं, घमेलं बंद.

ठरलेलं पाळलं जाईल का, हे आण्यांत विचारा: “रुपयात किती आणे खात्री?” सोळापैकी बारा आण्यांच्या खाली उत्तर आलं, तर लक्ष्य तिथंच कमी करा. “जमेल, जमेल” या शब्दांवर विसंबू नये. ते बहुतेकदा फोन संपवायला म्हटलेले असतात.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर आली तर काय करायचं, हे रुग्णाकडून वदवून घ्या: थांबायचं, बसायचं, दाब किंवा कळ असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची, पाच मिनिटांत उतार नाही तर १०८. इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात साखर हवी. पायाला सूज किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर चालणं थांबवून आधी डॉक्टर.

पहिला महिना दर आठवड्याला फोन, मग पंधरवड्यानं. ऊसतोड, लगीनसराईत खंड पडणारच. त्यावर रागावलात तर पुढचा फोन उचलला जात नाही. शेवटचा जमलेला आकडा घेऊन तिथूनच पुन्हा सुरू करा.