जुन्या ओम्नीत रीकंडिशन इंजिन टाकताय? या चुका टाळा

आमची मारुती ओम्नी व्हॅन २००७ ची. इंदूरच्या लोकमान्य नगरातून रोज सकाळी डबे पोचवायला निघते आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या मुंजीची, कुणाच्या साखरपुड्याची पातेली वाहते. दोन वर्षांपूर्वी ती निळा धूर सोडायला लागली. धंदा बंद ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून मी तयार ‘रीकंडिशन’ इंजिन घेतलं. बसवण्यासकट २२ हजार, आणि जुनं इंजिन दुकानदाराचं. चंदेरी रंगानं चकचकणारं ते इंजिन दाखवत तो म्हणाला, “भिया, एकदम शोरूम कंडिशन है.” चार महिन्यांत पुन्हा तोच निळा धूर.

यावेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं, माझं बोट धरून पहिल्या सिलिंडरमध्ये घातलं आणि म्हणाले, “नख खालून वर फिरवा.” काठापासून थोडं खाली नख अडकलं. तिथे चक्क कंगोरा होता. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत चढते तिथपर्यंतच बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजतो, त्याच्या वरचा भाग कोरा राहतो आणि मधे अशी पायरी पडते. म्हणजे माझ्या शोरूम कंडिशनमध्ये झिजलेल्या बोअरला नुसत्या नव्या रिंगा घातल्या होत्या. बाकी सगळा रंग. तो इतका मन लावून मारलेला, की गॅस्केटच्या (जोडांमधल्या पट्ट्यांच्या) कडाही त्यात बुडाल्या होत्या. ताजा रंग दिसला की मी आता आधी ऑइल बघायची डिपस्टिक काढून बघतो.

‘रीकंडिशन’ या शब्दावर पैसे देणं

बाजारात या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. भंगारात निघालेल्या गाडीचं धुऊन रंगवलेलं इंजिन, ही पहिली. दुसरं ‘हाफ काम’: रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट बदलून पुन्हा जोडलेलं. तिसरं खरं काम, ज्यात बोअर, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि हेड मोजून लेथवर चढवलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्याच्या खर्चात दुपटीचा फरक सहज पडतो, पण दुकानात उभं राहिल्यावर तिन्ही सारखीच चंदेरी दिसतात.

म्हणून मापं मागा. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. त्याचा स्टँडर्ड बोअर ६८.५ मिलिमीटर. झीज काढायला तो पाव मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे मोठा, केला तर ६८.७५, अर्धा केला तर ६९. “कितीचा पिस्टन टाकला?” एवढंच विचारा. ज्यानं काम केलंय त्याला आकडा तोंडपाठ असतो. ज्यानं केलं नाही तो वॉरंटीच्या गोष्टी सांगायला लागतो. क्रँकचंही तसंच: घासली असेल तर किती, आणि बेअरिंग त्याच अंडरसाइजचे, म्हणजे घासून बारीक झालेल्या मापाचे, आहेत का? बोअर आधीच शेवटच्या साइजवर गेलेला असेल तर पुढच्या वेळी नवे लाइनर (सिलिंडरच्या आतली नळी) ठोकावे लागतील, हेही आत्ताच कळतं.

धुराचा रंग न बघताच इंजिन उतरवणं

ही सगळ्यात महाग चूक, आणि मिस्त्री ती सुधारायला फारसे उत्सुक नसतात. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन मग थांबत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील गेलेले असतात. त्यासाठी बोअरला हात लावायची गरज नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. जुन्या गाडीत आधी कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर बघा. पांढरा धूर सुटतोय, थांबत नाही आणि कूलंटही कमी होतंय, तर संशय हेड गॅस्केटवर.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, याला अर्धा तासही लागत नाही. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. आपसात एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक नको. ज्याचा आकडा पडलाय त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअरचा दोष, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. सीएनजी किट असेल तर व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, नीट तपासून घ्या. हे इंधन कोरडं जळतं, त्या कडा लवकर झिजून आत बसतात.

आपलं इंजिन देऊन टाकणं

एक्स्चेंजमध्ये वीस-बावीस हजारांचा आकडा गोड वाटतो, कारण तुमचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सांगाडा, फुकटात जातो. माझा मूळ ब्लॉक कधीच तडकलेला नव्हता, फक्त झिजला होता. तो आज कुणाच्या तरी गाडीत चंदेरी होऊन बसला असेल. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल तर दुसरं इंजिन घ्यावंच लागतं. एरवी आपलंच इंजिन आपल्या डोळ्यांदेखत बांधून घ्यावं, असं माझं मत झालंय.

दुसरं इंजिन घेतलंच तर नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, म्हणजे आपल्याकडे नायता मुंडल्याच्या आरटीओची वारी. त्यासाठी त्या इंजिनाचे कागद आणि पक्कं बिल हवं. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेलं इंजिन कुठून आलंय, हे तुम्ही कुणाला सांगणार? १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणात हाच नंबर आरसीशी ताडून बघतात.

आणि ‘मारुती ८०० चं इंजिन आहे, तेच बसतं’ हे ऐकून भुलू नका. घराणं एकच, पण ८०० मध्ये इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना, ओम्नीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं, आणि ताकद मागच्या चाकांना. जुळवाजुळवीत सगळी बचत उडून जाते. कार्ब्युरेटरच्या गाडीत एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं) इंजिन घालायचा बेत तर सोडूनच द्या.

ज्यानं जुनं इंजिन मारलं, ते तसंच ठेवणं

माझ्या गाडीचा खरा आजार रेडिएटर होता. अर्धा चोंदलेला. नवं इंजिन त्यालाच जोडलं, तेही तापत राहिलं. ओम्नीत इंजिन सीटखाली असल्यामुळे बुड भाजतं आणि आपण उन्हाळ्याला दोष देतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तापलं की वाकतं, मग गॅस्केट धरत नाही. इंजिन बाहेर असतानाच रेडिएटर साफ करा. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, होज आणि टायमिंग बेल्ट नवे टाका, ऑइल पंप तपासा. हेडची फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट, करताना गरजेपुरतंच घासायला सांगा, जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढून ठोके ऐकू येतात.

लेथवाल्याकडे पिस्टन आधी पोचवा. तो प्रत्येक पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर काढतो. “बोअर करून ठेवतो, पिस्टन मग आणा” म्हणणाऱ्याकडून ब्लॉक उचलून सरळ चालू लागा. काम झाल्यावर आत बॅटरी मारून बघा. होनिंगच्या (बोअर आतून घासण्याच्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. गुळगुळीत आरसा दिसला तर रिंगा बसणार नाहीत.

दुसऱ्या खेपेचं माझं बिल असं: लेथचं काम ६,५००, सुटे भाग १२,८००, मजुरी ७,०००, ऑइल-कूलंट आणि रेडिएटरची सफाई ३,१००. एकूण २९,४००. त्यात आधीचे २२ हजार मिळवा. एवढ्या पैशांत गाडीच विकत मिळाली असती, असं बायको अजून ऐकवते. म्हणून इंजिनाचा खर्च ठरवण्याआधी पायाखालचं मॅट उचलून फरशीचा पत्रा बघा. तो गंजून खाल्ला असेल तर हा लेख इथेच सोडा.

पहिल्याच दिवशी ओझं लादणं

पहिले हजार किलोमीटर कमी ओझं, मध्यम वेग. एकाच वेगात तासभर चालवू नका, कमी-जास्त करत राहा. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला. माझ्या पहिल्या ऑइलमध्ये धातूची बारीक चमक होती. मी घाबरलो, मिस्त्री हसले. पुढच्या वेळी ती नव्हती.

अकराशे झाल्यावर ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात नेली. मागे सहा पातेली, शेगडी आणि दोन आचारी. पूर्ण चढात मी रस्ता कमी आणि तापमानाचा काटा जास्त बघत होतो. वर पोचल्यावर बाजूला घेऊन इंजिन थंड होऊ दिलं, आचाऱ्याला उठवून सीट उचलली आणि डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेलाच होतं.