ब्रेकनंतर पुन्हा वेब डेव्हलपमेंटमध्ये: पुण्यात तयारी कशी करावी

चार-पाच वर्षांच्या खंडानंतर नोकरी शोधायची म्हटलं की बहुतेक जण आधी क्लास लावतात, तोही एचटीएमएलच्या पहिल्या धड्यापासून. कृपा करून असं करू नका. ब्राउझर सर्व्हरशी कसा बोलतो, क्वेरी का अडते, बग कसा शोधायचा, हे तुम्हाला येतं आणि ते आजही तसंच चालतं. मधल्या काळात जे बदललं तेवढंच गाठायचं आहे.

१. बदलांची यादी करा. समजा, २०१८ मध्ये काम थांबवलं. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत फेब्रुवारी २०१९ला हुक्स (साध्या फंक्शनमध्येच डेटा सांभाळायची सोय) आले; क्लास वापरून लिहिलेले कंपोनंट, म्हणजे पानाचे तुकडे, अजून चालतात, पण नवा कोड फंक्शनमध्येच लिहिला जातो. नवा रिॲक्ट प्रोजेक्ट उभा करून देणारं क्रिएट रिॲक्ट ॲप २०२५ मध्ये अधिकृतपणे बाद झालं, आता त्या कामाला व्हीट (Vite) वापरतात. अँग्युलरजेएस या जुन्या फ्रेमवर्कचा सपोर्ट २०२१ अखेर संपला. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, त्यामुळे त्याच्यासाठी केलेले सगळे जुगाड विसरा. जुन्या लॅपटॉपवरून गिट पुश, म्हणजे गिटहबवर कोड पाठवणं, झालं नाही तर घाबरू नका: गिटहब २०२१ पासून तिथे पासवर्ड घेत नाही, टोकन किंवा एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) लागते.

२. एकच स्टॅक (भाषा आणि साधनांचा संच) निवडा. नोकरीच्या पोर्टलवर हिंजवडी, खराडी, बाणेरच्या वीसेक जाहिराती वाचा आणि कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते मांडा. तुमच्या जुन्या अनुभवाला जवळचं जे असेल ते घ्या. जावा येत असेल तर जावाचं स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क सोडून जावास्क्रिप्टच्या नोडच्या मागे लागू नका. टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) मात्र शिकाच.

३. खऱ्या माणसासाठी एक साइट बनवा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कामांच्या यादीचं ‘टू-डू लिस्ट’ ॲप मुलाखत घेणाऱ्यांनी शेकड्यांनी पाहिलेलं असतं. त्यापेक्षा ओळखीत दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एखाद्या काकू असतील, तर त्यांच्या ऑर्डर घेणारी साइट करा. काकू म्हणतील, ‘चकली पाव किलोनं देते, अनारसे नगावर,’ आणि तुमचा डेटाबेस पहिल्याच दिवशी बदलावा लागेल. मुलाखतीत सांगण्यासारखं नेमकं हेच असतं.

साइट मराठीत ठेवा. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग (lang) ॲट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड द्या. जावास्क्रिप्टमधल्या आकडे मांडणाऱ्या इंटल नंबरफॉरमॅटला (Intl.NumberFormat) एमआर-आयएन (mr-IN, म्हणजे भारतातली मराठी) सांगितलं की आकडे आपोआप १,२५,००० असे देवनागरीत, लाखाच्या स्वल्पविरामासह येतात. पाठोपाठ दोन-चार टेस्ट लिहा, साइट होस्ट करा आणि माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर पूर्ण ऑर्डर देता येते का ते पाहा.

एआयची मदत घ्यायला हरकत नाही. पण त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ का आहे हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर ती काढून टाका.

४. रेझ्युमेत ब्रेक लपवू नका. ‘२०१८–२०२४: कौटुंबिक जबाबदारी’ एवढी एक ओळ पुरते. मुलाच्या संगोपनासाठी किंवा सासूबाईंच्या आजारपणासाठी घरी राहिल्याची माफी मागायची नसते. उलट, आयटीत तीन-तीन महिन्यांचे नोटीस पीरियड असतात. तुम्ही लगेच रुजू होऊ शकता हे अगदी वर लिहा.

अर्ज पोर्टलवर टाकालच, पण जुन्या टीममधल्यांना आधी फोन करा. तुमचं काम त्यांनी पाहिलेलं आहे.

५. कागदपत्रं आत्ताच शोधा. ऑफरनंतर पडताळणीत जुनं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या पगाराच्या स्लिपा आणि पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) मागतात. यूएएनला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो बदलून घ्या. जुन्या कंपनीचं नाव बदललं असेल किंवा ती दुसरीत विलीन झाली असेल, तर पत्र मिळायला वेळ लागतो. तिथल्या एचआरला मेल अर्ज करण्याआधीच पाठवा.