टाकी भरली की गाडी रुसायची
आमची आठ सीटर एरवी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची; पेट्रोल भरलं की मात्र तीन-चार सेल्फ खायची, वर पेट्रोलचा वास. आधी बॅटरीवर संशय घेतला, मग प्लगवर. दोघंही बिचारे निर्दोष. शेवटी इंजिन गार झाल्यावर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) काढला, नळी लावून फुंकलं (ओढायचं नाही, आत वाफ असते). वीज नसताना तो बंद हवा, इथे हवा आरपार! टाकीतली वाफ भलत्या वेळी इंजिनात शिरत होती. तोंडाशी कोळशाचे काळे कण अडकलेले; टाकीतली वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्यातून, म्हणजे कॅनिस्टरमधून आलेले. दोष बहुधा माझाच: नोझल खट्कन थांबल्यावरही आकडा ‘राउंड’ करायला आणखी भरायचो. ते जास्तीचं पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाऊन तो खराब करतं. व्हॉल्व्ह, कॅनिस्टर दोन्ही बदलले. आता पहिल्या खटक्यालाच झाकण लावतो.