गावात बसून लॅपटॉपवर रोगट धमनीतला ताण कसा काढायचा

पोट्टेहो, यासाठी मोठी लॅब नाही लागत, साधा लॅपटॉप अन् फेबायो (शरीराच्या भागांवरचा ताण मोजायचं सॉफ्टवेअर) पुरते, यवतमाळकडच्या खेड्यात लाइन जायच्या आत एखादी छोटी केस आरामात चालून जाते.

आधी कागदावर हिशोब. ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले भिंतीची जाडी, मापं दाबाखालचीच घ्या. १२० चा बीपी म्हणजे १६ किलोपास्कल, त्रिज्या १.५ मिमी, जाडी ०.५ मिमी, तर आला ४८ किलोपास्कल. साध्या नळीचं मॉडेल याच्या आसपास नाही आलं तर पहिले युनिटं तपासा, तवरिक पुढं जाऊच नका.

मग प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेली चरबीची गाठ, अन् खरं काम इथंच आहे. चरबीचा गाभा एकदम मऊ, तो भार घेतच नाही, सगळा ताण वरच्या पातळ कॅपवर, म्हणजे गाभा झाकणाऱ्या पापुद्र्यावर येते, बरेचदा तिच्या कडेला. कॅप ६५ मायक्रॉनच्या खाली गेली का फुटायचा धोका मानतात. म्हणून मेश (मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) तिथंच बारीक करा, कॅपच्या जाडीत चारपाच एलिमेंट, म्हणजे जाळीचे तुकडे, पाह्यजेतच, बाकी जागी जाडाभरडा चालते.

मटेरियल लिनियर (कितीही ताणलं तरी कडकपणा सारखाच) ठेवू नका, कोलेजनच्या धाग्यांमुळं भिंत ताणली का कडक होत जाते.

अन् हे लई जण विसरतात, स्कॅनमधली धमनी आधीच दाबानं फुगलेली असते, तिच्यावर परत पूर्ण १६ किलोपास्कल लावले तर उत्तर खोटं, पहिले बिनदाबाचा आकार काढा.